‘संगणकीय त्रुटी’ म्हणजे नेमकी कोणाची?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मागच्या बुधवारी आपल्या विद्यार्थी पुरवणीत एक शुद्धिपत्र आलं. बारावी गणिताच्या सातव्या प्रश्नातली छटा ‘संगणकीय त्रुटीमुळे’ चुकीच्या भागात उमटली, त्याबद्दल दिलगीर आहोत, असं. दिलगिरी पोचली. माझी तक्रार त्या दोन शब्दांबद्दल आहे. गेली सव्वीस वर्षं मी इंदुरात घरी बसून गणिताची पानं जुळवते. कोचिंगवाल्यांचे टेस्ट पेपर, कॉलेजातल्या सरांच्या नोट्स, क्वचित एखादा प्रबंध. एवढ्या वर्षांत संगणकाने आपल्या मनाने छटा भलतीकडे भरलेली मी पाहिली नाही. माझ्या हातून भरपूर वेळा भरली गेली आहे.

ज्यांनी तो अंक रद्दीत टाकला त्यांच्यासाठी प्रकरण सांगते. आकृतीत एक पॅराबोला होता, शुद्ध मराठीत अन्वस्त: वाय बरोबर एक्स वर्ग. त्याला दोन ठिकाणी छेदणारी सरळ रेषा: वाय बरोबर एक्स अधिक २. दोघं भेटतात (−१, १) आणि (२, ४) या बिंदूंत. प्रश्न एका ओळीचा, ‘आकृतीतील छायांकित भागाचे क्षेत्रफळ काढा’. पुढच्या बुधवारी उत्तर छापलंत, ९/२.

माझ्या भावाची मुलगी यंदा बारावीला आहे. शिकते इंग्रजीतून, पण घरात मराठी पेपर आला की शब्दकोडं आणि गणित तिचं. तिने आकृती बघितली, वही उघडायचे कष्टही घेतले नाहीत, पेपरच्या मार्जिनमध्ये दीड ओळ लिहिली आणि म्हणाली, “आत्या, हे कसलं बारावीचं, आठवीचं आहे. साडेसात.”

तिचं बरोबर होतं. छापलेल्या आकृतीत राखाडी रंग सरळ रेषेपासून निघून थेट एक्स-अक्षापर्यंत उतरला होता. पॅराबोला बिचारा त्या राखाडीतून नुसता वाट काढत जात होता, सीमा म्हणून त्याला कोणी विचारलंच नव्हतं. मग उरतो समलंब चौकोन. डावी उभी बाजू १, उजवी ४, मधलं अंतर ३. अडीच गुणिले तीन, साडेसात. इंटिग्रेशन हवंय कशाला? आठवड्याने तुमचं ९/२ वाचून पोरीने अख्खा तास स्वतःची चूक शोधण्यात घालवला. चाचणी परीक्षा चार दिवसांवर असताना. त्या तासाचा राग माझ्या मनात आहे, हे आधीच कबूल करते, म्हणजे पुढे सूर चढला तर समजून घ्याल.

त्या रात्री जेवणं उरकल्यावर मी ती आकृती घरी करून बघितली, मुद्दाम चुकीची. दहा मिनिटांत तुमच्यासारखी हुबेहूब आली. पेपरवर ठेवून उजेडासमोर धरली, कडेला कड जुळली.

गणिताची पानं बहुतेक जगात टेक नावाच्या प्रणालीत जुळवतात. डोनाल्ड क्नूथ नावाचे अमेरिकेतले प्राध्यापक. १९७७ मध्ये त्यांच्याच पुस्तकाच्या नव्या आवृत्तीची मुद्रितं हातात आली, ती त्यांना बघवेनात, तेव्हा ते स्वतःच अक्षरजुळणीचा प्रोग्रॅम लिहायला बसले. एका वर्षाच्या रजेत उरकेल असं वाटलेलं काम दहा वर्षं पुरलं. त्यावर लेस्ली लॅम्पोर्ट यांनी लाटेक बांधलं, ते आम्ही रोज वापरतो. मूळ टेकला चित्रं काढता येत नाहीत, त्याला ठाऊक फक्त अक्षरांच्या चौकटी आणि काळ्या पट्ट्या. मी शिकले तेव्हा लाटेकमधली तिरकी रेघसुद्धा ठरावीक चढाचीच निघायची. मधला चढ हवा असेल तर सरांना सांगायचं, सर, तुमचा त्रिकोण थोडा बदला. आता चित्रांसाठी टिल टांटाऊ यांचं टिक्झ आहे, आलेखांसाठी त्याच्यावर उभं केलेलं पीजीएफप्लॉट्स आहे. टिक्झ हे नाव ज्या जर्मन वाक्याच्या आद्याक्षरांवरून आलं त्याचा अर्थ, ‘टिक्झ हा चित्र काढायचा प्रोग्रॅम नव्हे’. नाव ठेवणाऱ्याला विनोदबुद्धी होती आणि म्हणणंही खरं होतं.

कारण त्यात रंग ओतायची बादली नाही. ज्यांनी पूर्वी संगणकावरच्या पेंट या प्रोग्रॅममध्ये आकृत्या रंगवल्यात त्यांना ती बादली आठवत असेल. सीमारेषेत ठिपक्याएवढी फट राहिली की सगळं पान काळं. टिक्झमध्ये सीमा लिहून सांगावी लागते: इथून नीघ, या वक्रावरून जा, तिथे वळ, परत ये, वाट बंद कर. त्या बंद वाटेच्या आत जे येईल ते भरलं जातं. भरण्याच्या आज्ञेला फिल म्हणतात, वाट बंद करण्याला सायकल.

आता तुमच्या सातव्या प्रश्नाची गंमत बघा. पॅराबोलावरून −१ पासून २ पर्यंत चालायचं आणि सायकल म्हणायचं. झालं. सायकल म्हणजे शेवटच्या बिंदूपासून पहिल्या बिंदूकडे सरळ परत. आणि (२, ४) पासून (−१, १) पर्यंतची सरळ वाट हीच तर एक्स अधिक २ ची रेषा! फिलला त्या रेषेचं समीकरण सांगावंही लागत नाही. तिरक्या धरलेल्या द्रोणासारखा भाग भरतो, क्षेत्रफळ साडेचार.

पण पीजीएफप्लॉट्समध्ये याच नावाची एक चुलतबहीण आहे, क्लोज्डसायकल. ती सरळ परत येत नाही. आधी खाली एक्स-अक्षावर उतरते, अक्षावरून चालत जाते, मग वर चढते. वक्राखालचं क्षेत्र दाखवायला तीच लागते, तिच्यात वाईट काही नाही. ती पॅराबोलाला लावली तर भरलेला भाग ३. सरळ रेषेला लावली तर साडेसात. दोन समीकरणं तीच, छेदनबिंदू तेच, उत्तरं तीन. तुमच्या आकृतीत रेषेखाली छटा उतरली, वरून पॅराबोला ओढला गेला आणि पान छपाईला गेलं. तुमच्याकडे हे काम कोरल या चित्रं काढायच्या प्रोग्रॅममध्ये झालं असेल, तरी काय फरक पडतो? तिथेही कोणीतरी माउसने चार कोपरे टिपलेच असणार. संगणकाने साडेसातची वाट मागितली होती का? त्याला ती सांगितली गेली.

दोन्ही सीमा वाकड्या असल्या की मामला आणखी नाजूक. समजा वर एक वक्र, खाली एक वक्र, दोन्ही टोकांना उभ्या रेषा. वरच्या वक्रावरून डावीकडून उजवीकडे गेलात तर खालच्यावरून उजवीकडून डावीकडेच यावं लागतं. दोन्ही डावीकडून लिहिलेत तर वाट मध्येच स्वतःला कापते आणि छटेचा डमरू होतो. नव्या मुलामुलींचा हा डमरू हमखास होतो. माझ्याकडे शिकायला येणारी एक मुलगी दोन दिवस समीकरणात चूक शोधत होती. आता पीजीएफप्लॉट्सला फिलबिटवीन नावाची सोय आहे. दोन वक्रांना नावं द्यायची आणि मधलं भर म्हणायचं, डमरूची कटकट संपते. पण तीही शब्दाला पक्की आहे. कुठून कुठपर्यंत ते सांगितलं नाहीत तर जेवढा आलेख काढला असेल तेवढ्यात सगळीकडे मधलं भरते. तुमच्या प्रश्नात आलेख −२ पासून ३ पर्यंत काढला असता तर (२, ४) च्या पलीकडे, जिथे पॅराबोला रेषेच्या वर जातो, तिथलाही तुकडा राखाडी झाला असता. म्हणजे एक्स वर्ग बरोबर एक्स अधिक २ हे समीकरण कोणीतरी आधी सोडवायलाच हवं.

आमचे अण्णा खजूरी बाजाराजवळच्या एका छापखान्यात जुळारी होते. शिक्षण सातवी पास, खिळे, म्हणजे छपाईची धातूची अक्षरं, मात्र मराठी, हिंदी, इंग्रजी तिन्ही जुळवायचे. गणिताचं पुस्तक आलं की आकृत्यांचे जस्ताचे ब्लॉक करून घ्यावे लागत. जाड पांढऱ्या कागदावर काळ्या शाईने आकृती काढायची, छायांकित भागात रूलिंग पेनने, गुण्या केसभर सरकवत, एकेक तिरकी रेघ ओढायची. मग ब्लॉकवाल्याकडे. तो फोटो काढून जस्तावर ॲसिडने कोरून देई, पैसे चौरस इंचावर. तो लाकडावर ठोकून खिळ्याच्या उंचीला आणायचा, ०.९१८ इंच, कमी पडला तर खाली कागदाच्या चिंध्या घालायच्या. एवढं झाल्यावर रेघा चुकीच्या भागात निघाल्या तर ब्लॉक भंगारात आणि पैसे मालक कोणाच्या तरी पगारातून कापणार. कोणाच्या, ते सगळ्यांना ठाऊक असायचं.

म्हणून अण्णांचा एक नेम होता. आकृती घेऊन येणाऱ्या प्राध्यापकांना ते विचारत, “सर, रेघ कुठं थांबते?” मी शाळेतून जेवणाचा डबा घेऊन छापखान्यात गेले होते तेव्हाचं एक आठवतं. एक नामांकित सर आले होते. त्यांनी आकृतीवरून हात फिरवला, “हे इकडचं सगळं.” अण्णांनी कानावरची पेन्सिल काढून पुढे केली, “बोटानं नको सर, याच्यानं दाखवा.” सरांनी पेन्सिल घेतली, दोन वक्रांच्या मध्ये टेकवली आणि थांबले. वक्र जिथे एकमेकांना कापत होते ती जागा त्यांनी अंदाजाने काढली होती. मग सर तिथेच स्टुलावर बसले, प्रूफाच्या पाठीमागे गणित मांडलं, बिंदू काढला, आकृती दुरुस्त केली. अण्णा तोवर माझ्या डब्यातली पोळी खात होते. त्यांना त्या गणितातलं ओ की ठो कळत नव्हतं, पण रेघ ओढायची तर तिला टोक लागतं एवढं नक्की कळत होतं. तुमच्या शुद्धिपत्रातली ‘त्रुटी’ त्यांच्या काळी छापखान्याच्या दारातच अडली असती.

पुढे मी होळकर कॉलेजातून गणित घेऊन बी.एस्सी. केलं, ते बहुतेक त्या स्टुलामुळेच.

आता दुसरी गोष्ट, आणि ही तुमच्यासाठी जास्त कामाची आहे. छटा बरोबर जागी भरली तरी ती कागदावर टिकायला हवी. सुरुवातीच्या दिवसांतला माझाच किस्सा सांगते. भंवरकुआं भागातल्या एका क्लासचा टेस्ट पेपर होता, लिनियर प्रोग्रॅमिंगचा, म्हणजे सरळ रेषांनी घातलेल्या अटी पाळून झेड नावाची संख्या जास्तीत जास्त किती होते ते काढण्याचा. सगळ्या अटी पाळणारा, शक्य असलेला भाग मी हलक्या राखाडीने भरला, पंधरा टक्के. पडद्यावर इतका देखणा दिसत होता की मी स्वतःवरच खूश. क्लासवाल्यांनी माझ्या प्रिंटची झेरॉक्स काढली, त्या झेरॉक्सच्या झेरॉक्स काढल्या, अडीचशे. निम्म्या मुलांच्या हातात छटा पूर्ण पुसलेली, उरलेल्यांच्या हातात गोवर उठल्यासारखे ठिपके. प्रश्न होता, ‘छायांकित भागाच्या कोणत्या शिरोबिंदूवर झेड सर्वांत मोठा?’ छायाच नाही तर शिरोबिंदू कोणाचा! फोन आला तेव्हा मीही पहिलं वाक्य हेच म्हणाले, “मशीनचा प्रॉब्लेम असेल हो सर.” म्हणजे तुमचं शुद्धिपत्र लिहिणाऱ्याची मनःस्थिती मला परकी नाही.

राखाडी म्हणून छापखान्यात काही नसतंच. शाई काळीच असते. राखाडी म्हणजे बारीक काळे ठिपके आणि मधला पांढरा कागद. झेरॉक्स बारीक ठिपके खाते. तुमच्या वर्तमानपत्री कागदाचा उलटा स्वभाव, तो शाई पितो, ठिपका पसरतो, वीस टक्क्यांचा पस्तीस टक्क्यांसारखा दिसतो आणि त्यात बसवलेलं बारीक ‘ओ’ किंवा ‘पी’ बुडून जातं. त्या सातव्या प्रश्नात मूळबिंदूचं अक्षर भिंगाने शोधावं लागलं. पारदर्शक छटा तर आणखी वाईट. दोन पारदर्शक रंग एकमेकांवर टाकून सामाईक भाग गडद दाखवायची हौस मलाही होती. पण पोस्टस्क्रिप्ट या छपाईच्या जुन्या भाषेत पारदर्शकता हा प्रकारच नाही. ती पीडीएफमध्ये २००१ च्या आसपास आली. जुन्या यंत्राच्या छापखान्यात माझं एक पान गेलं आणि सामाईक भागाच्या जागी डांबर ओतल्यासारखा काळा ठिगळ परत आला.

तेव्हापासून मी रेघांवर आले. टिक्झमध्ये तयार नक्ष्या आहेत, तिरक्या रेघा, ठिपके, जाळी, पण जुन्या नक्ष्यांतलं अंतर ठरलेलं असतं. आकृती लहान केली तरी रेघा तेवढ्याच दूर राहतात आणि छोट्या भागात जेमतेम दोन रेघा बसतात. नव्या नक्ष्यांत अंतर आणि कोन सांगता येतो. मला मात्र हाताचं बरं वाटतं. आधी सीमा सांगते, तिला क्लिप लावते. म्हणजे आता या वाटेच्या बाहेर काहीही उमटणार नाही. आणि मग अख्ख्या चौकोनावर आरपार समांतर रेघा ओढते, दीड-दीड मिलिमीटरवर, पंचेचाळीस अंशांत. यंत्र प्रत्येक रेघ सीमेवर कापून टाकतं. अण्णा गुण्या सरकवत ओढायचे त्याच रेघा. फक्त कुठे थांबायचं ते यंत्राला एकदा सांगितलं की चाळीस रेघांना पुन्हा सांगावं लागत नाही. दीड मिलिमीटर हा छापलेल्या मापातला हं. तुमच्या एका कॉलमात आकृती निम्मी होणार असेल तर अंतर आधीच दुप्पट धरायचं, नाहीतर रेघांची पुन्हा राखाडीच होते.

क्लिपचा एक दंश लक्षात ठेवण्यासारखा आहे. तिला कंसात नाही ठेवलं तर ती पुढच्या सगळ्यालाच लागते. रेघा कापल्या जातात, तसे अक्ष आणि अक्षरंही. एकदा दोन वर्तुळांचा सामाईक भाग रेघून झाल्यावर मी ‘अ’ आणि ‘ब’ ही नावं टाकली, ती उमटेचनात. पाऊण तास फाँटला शिव्या घालत बसले. नावं उमटलीच होती, पण वर्तुळाच्या बाहेर, म्हणजे कापलेल्या जागेत. आणि क्रम: आधी छटा, मग रेषा, शेवटी अक्षरं. उलट केलं तर छटा रेषेची आतली अर्धी जाडी गिळते. तुमच्या आकृतीतला पॅराबोला वर जाड आणि राखाडीला टेकलेली सरळ रेषा बारीक का दिसते, ते यामुळे.

दोन समकेंद्री वर्तुळांमधलं कडं भरतानाही असंच फसायला होतं. दोन्ही वर्तुळं एका वाटेत लिहिली तर नेहमीच्या नियमाने आतलं वर्तुळही भरतं, भोक राहत नाही. सम-विषमचा दुसरा नियम मागावा लागतो: बिंदूपासून बाहेर एक रेघ सोडा, ती सीमेला विषम वेळा कापते तर बिंदू आत, सम वेळा तर बाहेर. दहावीच्या प्रश्नपत्रिकेत कड्याऐवजी भरीव तबकडी छापलेली मी पाहिली आहे. पाहिली म्हणजे छापखान्यातून येऊन माझ्याच टेबलावर पडली होती.

छटा म्हणजे हवा असलेला भाग, हेसुद्धा गृहीत धरू नये. इंग्रज तर्कशास्त्रज्ञ जॉन व्हेन यांनी १८८० मध्ये त्यांच्या वर्तुळांच्या आकृत्या मांडल्या, तेव्हा छटा दिलेला भाग म्हणजे रिकामा, तिथे कोणीच नाही, असा अर्थ होता. आपल्या शाळेत बरोबर उलटं. लिनियर प्रोग्रॅमिंगमध्येही काही इंग्रजी पुस्तकं नको असलेली बाजू रेघतात आणि हवा तो भाग कोरा ठेवतात. मुलं इंटरनेटवरून दोन्ही पाहून येतात. त्यामुळे आकृतीखाली अर्ध्या ओळीत ‘रेघांनी दाखवलेला भाग’ कोणता ते लिहिलं तर काय बिघडेल? जागा नाही म्हणाल, तर त्याच पानावरच्या राशिभविष्याकडे बोट दाखवावं लागेल.

(जाता जाता मराठी अक्षरांबद्दल. तुमच्या आकृतीतल्या ‘आलेख’ मधला ल हिंदी वळणाचा आहे. फाँटमध्ये दोन्ही वळणं असतात, भाषा मराठी म्हणून सांगितली नाही तर काही फाँट हिंदीचंच देतात. आम्हा इंदूरकरांना दोन्ही ल रोज लिहावे लागतात, त्यामुळे डोळ्याला लगेच खटकतं. तुम्ही तर महाराष्ट्रात बसून छापता.)

मूळ विषय ‘चूक’ हा आहे, म्हणून क्नूथ यांच्याकडे परत येते. त्यांच्या पुस्तकांत कोणी चूक दाखवली तर ते २.५६ डॉलरचा चेक पाठवायचे. २५६ सेंट म्हणजे संगणकाच्या सोळाच्या हिशोबात गोल शंभर. टेक या प्रोग्रॅममधल्या चुकीसाठीही सुरुवात तेवढ्यानेच, मग दरवर्षी दुप्पट करत ३२७.६८ डॉलरवर थांबले. ज्याने हा संगणकाचा प्रोग्रॅम लिहिला त्याला ‘संगणकीय त्रुटी’ म्हणायचा सगळ्यात जास्त हक्क होता. तो मनुष्य म्हणायचा, माझी चूक, हा घ्या चेक. भाचीला मी हे सांगितलं तर तिचा प्रश्न, “मग पेपरवाले मला किती देणार?”

चेक नको. एवढंच करा. गणिताचं पान सोडण्यापूर्वी ज्याने प्रश्न लिहिला नाही अशा कोणाला तरी फक्त आकृती द्या, मजकूर झाकून, उत्तर झाकून, आणि सांगा, छापलंय त्या भागाचं क्षेत्रफळ काढ. त्याचं साडेसात आलं आणि तुमचं साडेचार असलं तर पान थांबवा. पाच मिनिटांचं काम आहे. राखाडीऐवजी रेघा घ्या. आणि चूक झालीच तर शुद्धिपत्रात ‘आमच्याकडून’ हा शब्द लिहा, तो ‘संगणकीय त्रुटीमुळे’ पेक्षा तीन अक्षरांनी लहानच आहे.

तुमच्याकडे आकृत्या काढायला माणूस नसेल तर कच्ची आकृती पाठवत जा, दर बुधवारची मी काढून देईन. मोबदला नको. कच्च्या आकृतीत छेदनबिंदू मात्र आकड्यांत लिहिलेले हवेत, हात फिरवून दाखवलेले चालणार नाहीत. माझा पत्ता आपल्या इथल्या वार्ताहरांकडे आहे.

माझी गिऱ्हाइकं तुमचा पेपर वाचतात आणि वर त्यांच्या झेरॉक्सचा उल्लेख आला आहे, म्हणून नाव छापू नये ही विनंती.

आपली,
एक जुनी वाचक
रामबाग, इंदूर

ता. क. पत्र पाकिटात घालण्याआधी शुद्धिपत्राबरोबरची नवी आकृती भाचीला दाखवली, फक्त आकृती, बाकी झाकून. छटा आता बरोबर आहे, साडेचार येतात. पण उजवीकडच्या छेदनबिंदूवर (४, २) छापलं आहे. ते (२, ४) हवं.